देव पडद्यावर आणणारा माणूस

आमच्या कोरेगाव भीमात माझ्या लहानपणी तंबूतला सिनेमा यायचा. मैदानात कनाती उभ्या राहायच्या, मधोमध पडदा लागायचा, बाया एका बाजूला आणि बाप्ये दुसऱ्या बाजूला बसायचे. १९७६ सालच्या उन्हाळ्यात त्या तंबूत ‘जय संतोषी माँ’ लागला, तेव्हा माझी आजी हातात नारळ घेऊन आली होती. चपला तिने कनातीबाहेर काढून ठेवल्या. पडद्याला एका जागी मोठे ठिगळ होते आणि देवीचा चेहरा नेमका त्या ठिगळावरच यायचा. आजीने तरीही हात जोडले. घरी परतताना आजोबांनी तिची भरपूर थट्टा केली. तो केवळ उजेडाचा खेळ होता, नारळ फुकट गेला, असे त्यांचे म्हणणे. आजी काहीच बोलली नाही.

आजी फसली होती का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून आहे. पौराणिक चित्रपटांचा मला तेव्हापासून नाद लागला. देव आणि माणसे एकाच पडद्यावर वावरतात असा चित्रपट कुठे लागल्याचे कळले की मी नगर रस्त्यावर येऊन एस.टी. पकडायचो आणि पुणे गाठायचो. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर मला चित्रपटांपेक्षा एका माणसाच्या आयुष्यात सापडले. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित, म्हणजे पुराणे घरातच होती. मुलाचा ओढा मात्र रंग आणि यंत्रांकडे. मुंबईचे जे. जे. स्कूल, मग बडोद्याचे कलाभवन, पुढे गोध्र्याला फोटोग्राफी. तिथे प्लेगने घाला घातला आणि पहिली पत्नी व मूल दोघेही गेले. त्या काळात हा माणूस जादूचे प्रयोगही शिकला आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ करू लागला. पुढे त्यांनी लोणावळ्याला छापखान्याच्या धंद्यात पाय रोवले. राजा रविवर्म्याची देवदेवतांची चित्रे छापण्याचे कामही त्यांच्या हातून गेले होते. घरोघरच्या भिंतीवरचे लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे त्यांच्या डोळ्यांखालून गेले ते असे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या मनात राम-कृष्ण चालू लागले होते. मग जे वेड लागले ते लागलेच. रोज सिनेमे पाहून आणि रात्री-रात्री जागून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. दृष्टी परतताच विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये हे गृहस्थ लंडनला गेले. कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची तिथे खरेदी करून परत आले. लोकांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून वेल झरझर वाढताना दाखवला. पडद्यावरचा त्यांचा पहिला चमत्कार देवाचा नव्हे, वाटाण्याचा होता!

या संसाराचा खरा भार पेलला तो दुसऱ्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी. अंगावरचे दागिने त्यांनी काढून दिले. दादरच्या घरात राहणाऱ्या सगळ्या कंपनीचा स्वयंपाक त्या करीत आणि रात्री फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही करीत. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवले गेले. रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. अशा रीतीने ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच वर्षी नाशिकला जाऊन त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता ही दोन्ही पात्रे एकट्याने रंगवली. पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडत, असे जुनी माणसे सांगत.

आता मी ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहायला बसलो, तो ‘कालिया मर्दन’. साल १९१९. त्यात बाळकृष्ण झाली आहे दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि या मूकपटाचा बराच भाग तिथे जतन झाला, म्हणून तुम्हा-आम्हाला तो पाहता येतो. गोष्ट सुरू होण्याआधी दादासाहेब काय करतात? तर साध्या वेषातल्या मंदाकिनीचा चेहरा दाखवतात. ती हसते, रागावते, निरनिराळे भाव करून दाखवते. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो.

मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा थक्क झालो. जादूगाराने खेळाआधीच पेटी उघडून दाखवावी, तसे हे झाले. ही माझी मुलगी आहे, देव नव्हे, असे सांगून मग तो माणूस आपल्याला तिच्यात देव पाहायला लावतो आणि आपण पाहतोही. कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भीमेच्या पाण्यात उड्या टाकणारी आमच्या गावची पोरे आली आणि काठावर जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या त्यांच्या आयाही.

माझे मत असे झाले आहे. देवाच्या चित्रपटात देव किती मोठा दाखवला याला महत्त्व नाही, माणूस किती खरा दाखवला याला आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) वैकुंठाचे विमान येते, पण आपले डोळे पाणावतात ते मागे राहणाऱ्या जिजाईसाठी. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचे, तेव्हा आळीतल्या एकमेव टीव्हीला हार घालणाऱ्यांना बाण आदळण्याची ती करामत कच्ची आहे हे दिसत नव्हते असे नाही. आता संगणकावर अख्खी लंका जाळता येते. पण पुष्कळदा त्या ज्वाळांत होरपळणारे कोणीच नसते आणि म्हणून आपल्यालाही धग लागत नाही.

दादासाहेबांची अखेर काही पौराणिक कथेसारखी सुखाची झाली नाही. १९१८ मध्ये भागीदारीत निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत खटके उडाले. ते रागाने काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुन्हा परत आले. तोवर जग बदलले होते. बोलपट आला. कोल्हापूरला केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांच्या गाठीशी फारसे काही नव्हते. १९६९ पासून देशातला चित्रपटांचा सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. पण त्यांचे बहुतेक मूकपट काळाने गिळले, उरले ते थोडे तुकडे.

आजी जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. तिची थट्टा करणारे आजोबाही गेले. मंदाकिनीचा तो चेहरा पाहिल्यापासून माझ्या मनातला प्रश्न मात्र सुटला आहे. आजीला ठिगळ दिसत होते. कापड आहे, उजेड आहे, कुणीतरी बाई देवीचा मुकुट घालून उभी आहे, हे तिला आजोबांइतकेच ठाऊक होते. तरीही तिने हात जोडले. त्या वर्षी पाऊस वेळेवर यावा आणि घरात आजारी पडलेले माझे धाकटे भावंड बरे व्हावे, एवढेच तिचे मागणे होते. नारळ तिने त्यासाठी आणला होता.

नारळ फुकट गेला नव्हता. भावंड बरे झाले म्हणून मी हे म्हणत नाही. आपले दुखणे घेऊन ती जिथे बसली, तिथे तिचे गाऱ्हाणे ऐकणारा एक चेहरा तिला दिसला, म्हणून म्हणतो. तो चेहरा पडद्यावर पहिल्यांदा आणण्यासाठी एका माणसाने स्वतःचे डोळे पणाला लावले होते आणि एका बाईने अंगावरचे दागिने.