विक्रम नाकारला गेलेला जलतरणपटू

११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदरात झालेल्या शर्यतीत ड्यूक कहानामोकू या २० वर्षांच्या तरुणाने १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत पार केले. त्या वेळच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ चार सेकंदांहून अधिक कमी होती. मात्र अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेने तिला मान्यता दिली नाही. घड्याळे सदोष असावीत किंवा समुद्रप्रवाहाचे साह्य मिळाले असावे, असे कारण देण्यात आले. प्रशांत महासागरातील एका बेटावरचा अपरिचित तरुण इतका वेगवान असू शकतो, हे कोणाला पटत नव्हते.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूत झाला. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. १८९८ मध्ये अमेरिकेने ते आपल्या प्रदेशात विलीन केले. ड्यूक वाढले ते वैकिकीच्या किनाऱ्यावर. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या आपल्या गावांत मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. ड्यूक यांची शाळा समुद्राची होती. त्यामुळे तलावातील शर्यतीची तंत्रे, म्हणजे सुरुवातीचा सूर आणि भिंतीपाशी झटकन वळण्याची कला, त्यांना पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाऊन शिकावी लागली.

त्यांचे सामर्थ्य होते पायांत. फ्रीस्टाइल म्हणजे मुक्तशैलीच्या शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहता येते. परंतु सर्वांत वेगवान असल्याने बहुतेक जण क्रॉलच निवडतात. यात पोटावर आडवे राहून हात आळीपाळीने पुढे टाकले जातात आणि श्वास मान बाजूला वळवून घेतला जातो. त्याआधी रूढ असलेल्या ट्रजन पद्धतीत पाय कात्रीसारखे उघडझाप करीत. त्यात शरीराचा वेग मध्येच मंदावे. ड्यूक यांचे पाय मात्र कमरेपासून, घोटे सैल ठेवून, सतत वरखाली फडफडत. शरीर पाण्याच्या पृष्ठभागालगत राही आणि वेग तुटत नसे. ही पायांची लय पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीच्या उपांत्य फेरीला गैरसमजामुळे अमेरिकी स्पर्धक पोहोचलेच नाहीत. ते बाद झाल्यात जमा होते. त्यांच्या अनुपस्थितीचा लाभ ऑस्ट्रेलियाच्या सेसिल हीली यांना झाला असता. पण त्यांनीच अमेरिकी जलतरणपटूंना संधी देण्याचा आग्रह धरला. खास शर्यत घेण्यात आली. अंतिम फेरीत ड्यूक यांनी १ मिनिट ३.४ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले आणि हीली दुसरे आले. हीली १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले.

युद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक झाले नाही. १९२० मध्ये अँटवर्प येथे, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, ड्यूक यांनी १ मिनिट ०.४ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवला. प्रतिस्पर्ध्याच्या तक्रारीमुळे अंतिम शर्यत पुन्हा घ्यावी लागली, तीही त्यांनी जिंकली. चौघांच्या रिले शर्यतीतही त्यांना सुवर्ण मिळाले. १९२४ मध्ये पॅरिसला मात्र जॉनी वाइसम्युलर यांनी त्यांना मागे टाकले. हेच वाइसम्युलर पुढे पडद्यावरचे टारझन झाले. ड्यूक दुसरे, तर त्यांचे धाकटे बंधू सॅम तिसरे आले.

१४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक बोट उलटली. ड्यूक यांनी लाटांवर स्वार होण्याच्या फळीवरून पुन्हापुन्हा समुद्रात जाऊन आठ जणांचे प्राण वाचवले. अशी फळी पुढे तेथील जीवरक्षकांचे साधन बनली.

हौशी खेळाडूंच्या कडक नियमांमुळे पदकांनी त्यांना पैसा दिला नाही. पुढे ते वारंवार निवडून येऊन होनोलुलूचे शेरीफ राहिले. २२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. १९११ ची ती वेळ विक्रमांच्या अधिकृत यादीत लागली नाही. तिच्याविषयीची शंका मात्र त्यांनी ऑलिंपिकमध्ये अवघ्या वर्षभरात दूर केली होती.