संत ऑगस्टीन

देवाची आज्ञा बुद्धीस पटते, परंतु देह तिच्या मार्गाने जात नाही. हे युद्ध संत ऑगस्टीन जन्मभर लढले. सन 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे त्यांचा जन्म झाला. माता संत मोनिका श्रद्धावंत. पण कार्थेज नगरीत शिकत असता पुत्र विषयसुखात गुंतला व सुमारे नऊ वर्षे मानीच्या पाखंडमतात राहिला. पाप आपण करीत नसून आपल्यातील दुसरी प्रकृती करते, ही त्या मताची शिकवण त्यास सोयीची वाटे.

पुढे मिलान येथे बिशप संत अँब्रोज यांच्या प्रवचनांनी संशय फिटू लागले, तरी सवयीची बेडी तुटेना. अखेर 386 साली एका बागेत संत पौलाचे रोमकरांस पत्र वाचताच देवकृपेने ती तुटली. 387 च्या ईस्टर रात्री त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

हिप्पोचे बिशप झाल्यावरही हे युद्ध संपले असे त्यांनी मानले नाही. कृपेवाचून केवळ स्वबळाने देवाचा नियम पाळता येत नाही, हेच ते शिकवीत राहिले. 430 साली मरणशय्येवर त्यांनी प्रायश्चित्ताची स्तोत्रे भिंतीवर लावविली व अश्रू ढाळीत वाचली.

भाविकहो, पापनिवेदनास जाण्यास लाज वाटेल, तेव्हा या वृद्ध बिशपांचे स्मरण करावे.