कॉलेजात पोरींना एन्ट्री नव्हती, तिनं पोराच्या नावानं नोट्स मिळवल्या आणि मेकॅनिक्सच्या कोड्याला हात घातला

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एक पेपर असतो, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क पाडलेली पोरंसुद्धा या पेपरात केटी लावून बसतात. मग परीक्षा तोंडावर आली की मोबाईल बाहेर येतो. यूट्यूबवर फ्री बॉडी डायग्राम, ट्रस, फ्रिक्शन असं एकेक सर्च होतं आणि अख्ख्या सेमिस्टरमध्ये वर्गात न कळलेली गोष्ट रात्री दोन वाजता डोक्यात शिरते.

वर्गात न बसता, समोर मास्तर नसताना एवढा अवघड विषय शिकता येतो का, हा प्रश्न मोबाईल आल्यावरचा वाटतो. पण दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका पोरीनं हेच केलं होतं. तिच्याकडं व्हिडीओ नव्हते, दुसऱ्यांच्या वर्गातल्या नोट्स होत्या. त्या नोट्सनी तिला कुठवर नेलं आणि कुठं अडकवलं, हे दोन्ही समजून घेण्यासारखं आहे.

तिचं नाव सोफी जर्मेन.

सोफीचा जन्म १ एप्रिल १७७६ चा, पॅरिसमधला. वडील रेशमाचे मोठे व्यापारी. घरात पैसा होता, पुस्तकं होती. सोफी १३ वर्षांची असताना १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला. बास्तीचा किल्ला पडला, रस्त्यावर रोज दंगे व्हायला लागले. वडील नव्या लोकसभेत निवडून गेलेले. अशा दिवसांत पोरीला बाहेर पाठवणार कोण? ती घरात अडकली आणि वेळ घालवायला वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाकडं वळली.

तिथं तिला गणिताच्या इतिहासाचं एक पुस्तक सापडलं. त्यात आर्किमिडीजच्या मृत्यूची गोष्ट होती. शहरावर शत्रू चालून आलाय आणि हा माणूस भूमितीच्या आकृतीत इतका बुडालाय की समोर आलेल्या सैनिकाकडं त्याचं लक्षच नाही, त्यातच त्याचा जीव जातो. सोफीला वाटलं, जीव जाईपर्यंत माणूस ज्यात गुंतून राहतो तो विषय बघायलाच पाहिजे.

तिनं गणिताची पुस्तकं वाचायला घेतली. मोठी पुस्तकं लॅटिनमध्ये, म्हणून आधी स्वतःच लॅटिन शिकली. मग न्यूटन आणि ऑयलर वाचायला लागली.

घरच्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. मुलीनं गणित शिकणं त्या काळी शोभेचं समजत नव्हते. तिनं रात्री अभ्यास करू नये म्हणून आईवडिलांनी खोलीतली शेकोटी बंद केली, गरम कपडे काढून घेतले, मेणबत्त्या उचलून नेल्या. सोफी सगळे झोपायची वाट बघायची, लपवलेल्या मेणबत्त्या काढायची आणि गोधड्या गुंडाळून बसायची. थंडी एवढी असायची की दौतीतली शाई गोठून जायची, असं तिच्या ओळखीच्या लोकांनी पुढं लिहून ठेवलंय. शेवटी घरच्यांनी हात टेकले. पुढं आयुष्यभर तिचा खर्च वडिलांच्याच पैशावर चालला.

१७९४ साली पॅरिसमध्ये एक नवी संस्था उघडली. इकोल पॉलिटेक्निक. क्रांतीनंतरच्या फ्रान्सला चांगले इंजिनिअर हवे होते, म्हणून देशातले सगळ्यात मोठे गणितज्ञ तिथं शिकवायला आणले. सोफी तेव्हा १८ वर्षांची, म्हणजे ऐन कॉलेजच्या वयाची. पण तिथं मुलींना प्रवेश नव्हता. या संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं ते थेट १९७२ साली.

पण या संस्थेत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे तिथल्या लेक्चरच्या नोट्स बाहेरच्या माणसालाही मिळायच्या. आणि दुसरी, विद्यार्थ्यांनी शिकलेल्या भागावर स्वतःची टिपणं लिहून प्राध्यापकांकडं द्यायची पद्धत होती. आजच्या भाषेत लेक्चर ऑनलाइन आणि असाइनमेंट सबमिशनही खुलं.

सोफीनं दोन्ही गोष्टींचा फायदा उचलला. तिनं नोट्स मिळवल्या आणि अभ्यास करून टिपणंही पाठवली. फक्त खाली नाव टाकलं मस्यू लब्लां, म्हणजे श्रीयुत लब्लां. या आडनावाचा एक मुलगा पूर्वी तिथं शिकत होता, त्याच्या नावाच्या आडून हा अभ्यास सुरू झाला.

ती टिपणं ज्याच्या हातात पडली तो प्राध्यापक होता लाग्रांज. मेकॅनिक्सच्या जगात हे नाव केवढं मोठं, ते इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगायला नको. लाग्रांजनं १७८८ साली मेकॅनिक्सवर जो ग्रंथ लिहिला, त्यात एकही आकृती नव्हती आणि याचा त्याला अभिमान होता. आज मेकॅनिक्स म्हटलं की आधी डायग्राम काढतात, बाण दाखवतात. त्या ग्रंथात मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती समीकरणं. सोफीनं मेकॅनिक्स शिकलं ते या वळणाच्या गणितातून.

लब्लांची टिपणं वाचून लाग्रांज चाट पडला. हा पोरगा आहे तरी कोण म्हणून त्यानं भेटायचं ठरवलं, तेव्हा भांडं फुटलं. पण लाग्रांज चिडला नाही. उलट त्यानं तिचं कौतुक केलं आणि तिला मार्गदर्शन करायला लागला. याच लब्लां नावानं सोफीनं १८०४ पासून जर्मनीतल्या गाउसशीही पत्रव्यवहार केला. १८०७ मध्ये तिचं खरं नाव कळल्यावर गाउसचा तिच्याबद्दलचा आदर आणखीनच वाढला.

आता येतो या गोष्टीतला मेकॅनिक्सचा भाग.

१८०८ साली क्लाड्नी नावाचा एक जर्मन संशोधक पॅरिसला आला. त्याचा खेळ साधा होता. धातूची किंवा काचेची पातळ प्लेट मध्ये पकडायची, तिच्यावर बारीक वाळू पसरायची आणि प्लेटच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. प्लेट थरथरते, आवाज येतो आणि वाळू आपोआप सरकून रांगोळीसारखी नक्षी तयार होते. प्लेटचा जो भाग हलतो तिथून वाळू उडते आणि जो भाग स्थिर राहतो तिथं ती साठते. सूर बदलला की नक्षी बदलते.

हा खेळ नेपोलियनपर्यंत पोहोचला. त्यानं फ्रान्सच्या विज्ञान संस्थेला सांगितलं की यामागचं गणित शोधणाऱ्याला बक्षीस लावा. बक्षीस होतं एक किलो सोन्याचं पदक.

पण हा प्रश्न होता भयंकर अवघड. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना धरून वाकवली तर ती हाताला विरोध करते. जितकी जास्त वाकवाल तितका विरोध जास्त. पट्टीसारख्या, एकाच दिशेला वाकणाऱ्या वस्तूचं हे गणित ऑयलरनं आधीच मांडलं होतं. इंजिनिअरिंगची पोरं जो एम बाय आय इज इक्वल टू ई बाय आर फॉर्म्युला पाठ करतात, त्यातला ई बाय आर म्हणजे हाच वक्रतेचा हिशोब.

प्लेटचं तसं नसतं. उन्हात वाळलेला पापड डोळ्यांसमोर आणा. तो एका दिशेनं वर वळलेला असतो आणि त्याच ठिकाणी आडव्या दिशेनं खाली. म्हणजे एकाच बिंदूला दोन वेगवेगळी वळणं. मग विरोधाचा हिशोब कुठल्या वळणावरून करायचा? लाग्रांजचं तर मत होतं की तेव्हाचं गणित या प्रश्नाला पुरं पडणार नाही. हे ऐकून बाकीचे गणितज्ञ लांबच राहिले.

सोफीनं मात्र हात घातला. तिची कल्पना अशी होती की प्लेटच्या कुठल्याही बिंदूला एकमेकांना काटकोनात असलेली दोन मुख्य वळणं घ्यायची आणि त्यांची बेरीज करायची. प्लेटचा विरोध त्या बेरजेच्या प्रमाणात असतो. ऑयलरनं पट्टीसाठी जे केलं, तेच तिनं दोन दिशांना नेलं.

१८११ साली तिनं निबंध पाठवला. स्पर्धेत आलेला तो एकमेव निबंध होता. तरीही बक्षीस मिळालं नाही.

झालं असं होतं की कल्पना बरोबर दिशेची होती, पण कल्पनेपासून समीकरणापर्यंत जाताना मधल्या पायऱ्या चुकल्या होत्या. त्यासाठी कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स नावाचं जे गणित लागतं, त्याच्यावर तिचा हात बसलेला नव्हता. पॉलिटेक्निकची पोरं रोज वर्गात उदाहरणं सोडवायची, चुकली की तिथल्या तिथं कुणीतरी दाखवायचं. सोफीनं तेच वाचलं होतं, तेवढंच समजून घेतलं होतं, पण तिच्या वहीवरून पेन फिरवणारं रोजचं माणूस तिला कधी मिळालंच नव्हतं. आपल्याला काय येत नाही, हे तिला थेट देशातल्या सगळ्यात मोठ्या परीक्षकांकडून कळलं.

त्या परीक्षकांमध्ये लाग्रांज होता. त्यानं निबंध बाजूला टाकला नाही. तिचीच कल्पना घेऊन मधली पायरी दुरुस्त केली आणि प्लेटचं बरोबर समीकरण काढून दाखवलं. स्पर्धेची मुदत दोन वर्षांनी वाढली.

सोफी पुन्हा बसली. या वेळी तिनं त्या समीकरणातून वाळूच्या काही नक्ष्या खरोखर जुळतात हे दाखवलं. पण समीकरण मुळात का बरोबर आहे, याची तिची मांडणी परीक्षकांना पटली नाही. १८१३ मध्ये निबंधाचा सन्मानानं उल्लेख झाला, बक्षीस पुन्हा हुकलं. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाग्रांज वारला. तिच्या चुका आपुलकीनं दुरुस्त करणारा माणूसच गेला.

त्यात १८१४ साली प्वासाँनं प्लेटवर स्वतःचा निबंध काढला. ज्याच्या नावाचा पॉयसन्स रेशो शिकवतात, तोच हा. त्याचं काम संस्थेच्या आत बसून चाललेलं, आणि त्यात सोफीचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिला तर संस्थेच्या बैठकीला बसायचीही परवानगी नव्हती.

तरी तिनं तिसरा निबंध पाठवला. या वेळी स्वतःच्या नावानं. ८ जानेवारी १८१६ रोजी सोफी जर्मेनला बक्षीस जाहीर झालं. असं बक्षीस मिळवणारी ती पहिली स्त्री. परीक्षकांनी गणितात अजून कच्चे दुवे आहेत हेही सांगितलं होतं. सोफी समारंभाला गेलीच नाही.

१८२१ मध्ये तिनं हे काम स्वतःच्या खर्चानं छापलं. पुढं फूरियेच्या खटपटीमुळं तिला संस्थेच्या बैठकींना बसायला मिळालं. तेव्हा ती पंचेचाळिशी ओलांडून गेली होती. आकड्यांच्या गणितातही तिचं मोठं काम आहे. ११ ही मूळ संख्या आणि तिची दुप्पट अधिक एक म्हणजे २३ हीसुद्धा मूळ संख्या. अशा ११ सारख्या संख्यांना आज सोफी जर्मेन प्राइम म्हणतात. फर्माच्या प्रसिद्ध प्रश्नावर काम करताना तिनं या संख्या वापरल्या होत्या.

१८२९ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. दुखणं सोसत ती काम करत राहिली आणि २७ जून १८३१ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी गेली. मृत्यूच्या दाखल्यावर तिची नोंद गणितज्ञ अशी नव्हती. घरच्या उत्पन्नावर जगणारी बाई, अशी होती. १८३७ साली ग्योटिंगेन विद्यापीठाच्या शताब्दीच्या वेळी मानद पदव्यांचा विषय निघाला, तेव्हा सोफी हयात नाही याची गाउसनं हळहळ व्यक्त केली. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला आणि त्यावर ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरली. लाग्रांज, प्वासाँ, फूरिये सगळे आले. सोफीचं नाव नव्हतं. त्या ७२ मध्ये एकाही बाईचं नाव नव्हतं.

सोफीचे कच्चे दुवे दुसऱ्यांनी भरून काढायला बरीच वर्षं गेली. प्लेटच्या कडेला नक्की कुठल्या अटी लावायच्या, हे १८५० मध्ये किरशॉफनं नीट बसवलं. पण सुरुवात सोफीच्या कल्पनेपासून झाली होती.

आज परिस्थिती वेगळी आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स एनपीटीईएलवर फुकट आहेत. मराठीतून मेकॅनिक्स शिकवणारे व्हिडीओ आहेत. सोफीला ज्या नोट्ससाठी नाव बदलावं लागलं, त्या दर्जाचं शिक्षण गावातल्या पोरीच्या मोबाईलवर येतं. व्हिडीओ थांबवता येतो, मागं नेता येतो, दहा वेळा बघता येतो. फक्त एक काम व्हिडीओ करत नाही. बघणाऱ्यानं काढलेल्या फ्री बॉडी डायग्राममध्ये रिअॅक्शनचा बाण उलटा पडलाय, हे तो सांगत नाही. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि चूक सापडते ती पेपरात. त्यासाठी सोडवलेलं उदाहरण कुणाला तरी दाखवावं लागतं, मग तो कॉलेजातला मास्तर असो, सीनियर असो की होस्टेलचा रूम पार्टनर.

सोफीला हे माहीत असावं. म्हणूनच ती नोट्स वाचून गप्प बसली नाही, खोट्या नावानं का होईना, केलेला अभ्यास तपासायला पाठवत राहिली. पुलाचा स्लॅब असो की जहाजाचा डेक, पातळ प्लेट किती वाकेल हे काढताना जे समीकरण वापरतात, त्याला आज जर्मेन-लाग्रांज समीकरण म्हणतात. वर्गाबाहेर राहून कल्पना मांडणाऱ्या पोरीचं आणि तिची चूक दुरुस्त करणाऱ्या मास्तरचं नाव त्यात शेजारी शेजारी आहे.