रहस्यकथांच्या आजीबाई : अगाथा ख्रिस्ती

सोसायटीच्या ऑफिसातलं पुस्तकांचं कपाट मी गेली नऊ वर्षं सांभाळते. म्हणून स्मरणिका समितीनं मला हक्कानं विषय दिला, की विरंगुळ्यासाठी काय वाचावं ते रहिवाशांना सुचवा. यादी शेवटी देतेच. पण त्याआधी एका बाईंबद्दल सांगायचं आहे. कपाटाच्या रजिस्टरमध्ये ज्यांचं नाव सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलंय त्या ह्याच, अगाथा ख्रिस्ती.

आणखीही एक कारण आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत सूचना आली, की रहस्यकथा आणि टाइमपास कादंबऱ्या काढून त्या जागी मुलांसाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवावीत. सूचनेमागचा हेतू चांगलाच आहे, आणि निर्णय अजून व्हायचाय. माझं म्हणणं सभेच्या दोन मिनिटांत बसणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या टॉर्की ह्या समुद्रकाठच्या गावातला. घर खाऊन-पिऊन सुखी. बहीण आणि भाऊ वयानं बरेच मोठे, त्यामुळे ही शेंडेफळ एकटीच खेळायची. आईच्या डोक्यात असं, की आठ वर्षांची होईपर्यंत मुलीला वाचायला शिकवायचं नाही. पोरगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला शिकली! लहानपणचं शिक्षण घरातच झालं. अकरा वर्षांची असताना वडील गेले आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. पुढे पॅरिसला पियानो आणि गाणं शिकली, पण स्वभाव इतका लाजाळू की चारचौघांसमोर वाजवणं जमेना. तो नाद सोडावा लागला.

एकदा थोरल्या बहिणीशी रहस्यकथांवर गप्पा चालल्या होत्या. तुला काही अशी गोष्ट लिहिता यायची नाही, असं बहीण म्हणाली. घराघरात बहिणी एकमेकींना म्हणतात तसंच. पण धाकटीनं ते मनात ठेवलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, म्हणजे १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, तिनं आर्ची ख्रिस्ती ह्या तरुण सैनिकाशी लग्न केलं. तो लगेच फ्रान्सला लढाईवर गेला. ही टॉर्कीच्या रुग्णालयात आधी जखमींची शुश्रूषा करू लागली आणि नंतर औषधं तयार करण्याच्या विभागात गेली. त्यासाठी रीतसर परीक्षाही दिली. सगळीकडे बाटल्याच बाटल्या, त्यातल्या कितीतरी विषाच्या. कोणतं औषध किती थेंबांपर्यंत औषध आणि त्यापुढे विष, हे रोज हाताखालून जायचं. काम नसेल तेव्हा निवांत वेळही मिळायचा. तिथेच बहिणीचं ते बोलणं आठवलं. त्या काळात बेल्जियममधून पळून आलेले निर्वासित टॉर्कीत राहत होते. त्यांच्यावरून तिला आपला गुप्तहेर सुचला. अंड्यासारखं डोकं, टोकदार मिशा आणि टापटिपीचं वेड असलेला हर्क्यूल पॉयरो.

कादंबरी अर्ध्यावर अडली तेव्हा आईनंच सुचवलं, की सुट्टी काढून कुठेतरी एकटी जा आणि पुरी कर. तिनं तसं केलं. मग मात्र प्रकाशकांकडून हस्तलिखित परत येत राहिलं. अखेर १९२० मध्ये 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' छापून आली आणि लेखिकेच्या हातात पडले पंचवीस पौंड. विषाबद्दल सगळं अचूक लिहिलंय अशी शाबासकी औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानं दिली, त्याचं बाईंना शेवटपर्यंत फार अप्रूप होतं.

इथवर सगळं सरळ. खरी परीक्षा आली १९२६ साली. एप्रिलमध्ये आई गेली. माहेरचं घर आवरायला अगाथाबाई एकट्याच जाऊन राहिल्या. जुन्या पेट्या उपसायच्या, रडायचं, नीट जेवण नाही, झोप नाही. त्यातच ऑगस्टमध्ये नवऱ्यानं सांगून टाकलं, की माझं दुसरीवर प्रेम आहे, मला घटस्फोट दे. ३ डिसेंबरच्या रात्री झोपलेल्या सात वर्षांच्या लेकीला घरी ठेवून बाई मोटार घेऊन निघाल्या. सकाळी रस्त्याच्या कडेला रिकामी मोटार सापडली. आत फरचा कोट तसाच पडलेला.

मग देशभर गदारोळ. पोलिसांच्या तुकड्या, हजारो स्वयंसेवक, वरून विमानंसुद्धा! शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल ह्यांनी तर बाईंचा हातमोजा एका माध्यमाकडे नेऊन दिला. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट गावातल्या एका हॉटेलात सापडल्या. नाव दुसरंच सांगितलेलं, आणि आडनाव लावलेलं नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं. डॉक्टर म्हणाले स्मृती गेली होती. लोक म्हणाले पुस्तक खपवायला केलेलं नाटक. बाईंनी ह्या अकरा दिवसांबद्दल आत्मचरित्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. आपणही फार खोदू नये असं मला वाटतं. आई गेलेली, संसार मोडलेला, आणि वर्तमानपत्रं दाराशी. माणूस कोसळायला आणखी काय लागतं?

मला महत्त्वाचं वाटतं ते ह्यानंतरचं. दोन महिन्यांनी बाई लेकीला आणि सेक्रेटरीला घेऊन कॅनरी बेटांवर गेल्या आणि तिथे बसून पुढची कादंबरी लिहायला घेतली. मन अजिबात नव्हतं. पण पैसे हवे होते, पोर सांभाळायची होती. त्यांना ते पुस्तक कधीच आवडलं नाही. पण हौस म्हणून लिहिणारी बाई व्यवसाय म्हणून लिहिणारी झाली ती इथेच, हे त्यांनीच नोंदवून ठेवलंय. म्हणजे ज्याला आपण टाइमपास म्हणतो, ते लिहून ह्या बाईंनी स्वतःला पुन्हा उभं केलं.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्या शरद ऋतूत वेस्ट इंडीजची तिकिटं काढलेली असताना एका जेवणाच्या वेळी कुणीतरी बगदादचं वर्णन केलं, आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी तिकिटं बदलून घेतली. ओरिएंट एक्स्प्रेसनं एकट्या निघाल्या. अडतीस वर्षांची, घटस्फोटित, एकटी बाई, आणि काळ कोणता ते बघा. इराकमध्ये उर ह्या प्राचीन नगरीचं उत्खनन त्यांनी पाहिलं. १९३० मध्ये पुन्हा गेल्या तेव्हा त्यांना आजूबाजूचा प्रदेश दाखवायचं काम मॅक्स मॅलोवन ह्या पंचविशीतल्या पुरातत्त्वज्ञावर आलं. वाटेत मोटार वाळूत रुतली. बाईंनी तक्रार केली नाही, आदळआपट केली नाही, मोटारीच्या सावलीत आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या. अशी बाई जन्माची जोडीदार म्हणून उत्तम, असं मॅक्सनी तिथेच ठरवलं म्हणतात! त्याच सप्टेंबरात लग्न झालं आणि पंचेचाळीस वर्षं टिकलं. पुढे बाई दर हंगामाला उत्खननावर जायच्या, फोटो काढायच्या, सापडलेल्या हस्तिदंती वस्तू चेहऱ्याला लावायच्या क्रीमनं हलक्या हातानं साफ करायच्या, आणि सकाळी लिहायच्या. १९३१ मध्ये परतताना पुरामुळे त्यांची गाडी अडकून पडली होती. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' १९३४ मध्ये आली, तिच्यात तो अनुभव कामी आला.

लग्नाच्याच वर्षी, १९३० मध्ये, 'मर्डर ॲट द व्हिकरेज' ही मिस मार्पलची पहिली कादंबरी आली. विणकाम करत बसलेली, अविवाहित, म्हातारी बाई. गाव छोटंसं, सेंट मेरी मीड. गुन्हा उकलायला ती भिंग घेऊन फिरत नाही. तिची पद्धत अशी, की हा माणूस आपल्या गावातल्या अमक्यासारखा वागतो, आणि त्या अमक्यानं तेव्हा काय केलं होतं ते मला ठाऊक आहे. बाईंनी ही मिस मार्पल बेतली ती आपल्या आजीवरून आणि आजीच्या मैत्रिणींवरून. आपल्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना हे पटेल. कोणाच्या घरचा दिवा किती वाजता बंद होतो हे सीसीटीव्हीला नंतर कळतं, कट्ट्याला आधी!

दुसऱ्या महायुद्धात बाईंनी लंडनच्या रुग्णालयात पुन्हा औषधं करून देण्याचं काम केलं. बॉम्ब पडत होते. आपण वाचलो नाही तर घरच्यांची सोय असावी म्हणून त्यांनी दोन कादंबऱ्या लिहून तिजोरीत ठेवल्या. पॉयरोची शेवटची लेकीच्या नावे, मिस मार्पलची नवऱ्याच्या नावे. 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनला लागलं २५ नोव्हेंबर १९५२ रोजी आणि कोविडमधला खंड सोडला तर अजून चालू आहे. त्याचे हक्क बाईंनी नऊ वर्षांच्या नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून दिले होते. १९७१ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. पॉयरोची ती तिजोरीतली कादंबरी १९७५ मध्ये आली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं ह्या काल्पनिक गुप्तहेराची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली. १२ जानेवारी १९७६ रोजी बाई गेल्या, पंच्याऐंशीव्या वर्षी. मागे सहासष्ट रहस्यकादंबऱ्या.

आता कपाटाकडे येते. १९७७ साली, म्हणजे बाई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, कतारहून एक दीड वर्षाचं बाळ उपचारासाठी लंडनच्या रुग्णालयात आणलं होतं. दिवसेंदिवस खालावत होतं आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. तिथली एक नर्स त्या सुमारास अगाथाबाईंची 'द पेल हॉर्स' वाचत होती. त्या गोष्टीत थॅलियम ह्या विषाचं वर्णन आहे, केस गळतात वगैरे. बाळाचेही केस गळताना तिनं पाहिले आणि डॉक्टरांना थॅलियमची शंका सांगितली. तपासणी केली, शंका खरी निघाली, उपचार झाले, आणि बाळ सुधारून घरी गेलं. ड्यूटी संपल्यावर विरंगुळा म्हणून वाचलेलं पुस्तक होतं ते.

दरवेळी असं काही घडतं असं नाही, आणि घडावं म्हणून कुणी वाचतही नाही. माझ्या यजमानांची बायपास झाली तेव्हा आयसीयूच्या बाहेर मी तीन दिवस बसून होते. सोबत नेलेलं अध्यात्माचं पुस्तक उघडवेना. मिस मार्पलची एक जुनी प्रत पिशवीत होती, ती वाचली. शंभर पानांपुढे सगळ्याचा उलगडा होणार आहे, गुन्हेगार सापडणार आहे, जगाची घडी पुन्हा नीट बसणार आहे, एवढ्या खात्रीनं मला धीर दिला. जिचं स्वतःचं जग एकदा पार मोडलं होतं, त्या बाईनं पुढची पन्नास वर्षं लोकांना घडी नीट बसवून देण्याचं काम केलं. त्याला मी हलकं म्हणणार नाही.

म्हणून विनंती. परीक्षेची पुस्तकं जरूर आणूया, त्यासाठी दुसरं कपाट घेऊया, मी वर्गणी द्यायला तयार आहे. पण हे कपाट असंच राहू दे.

आता कबूल केलेली यादी. ज्यांनी अगाथाबाई कधीच वाचल्या नाहीत त्यांनी 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'पासून सुरुवात करावी. गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते आणि शेजारीपाजारी उत्सुकतेनं बघायला जमतात, ही कल्पनाच झकास आहे. प्रवासाची आवड असेल तर 'डेथ ऑन द नाईल'. इंग्रजी नको असेल तर बाईंच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत. ज्येष्ठांपैकी जे बाबूराव अर्नाळकरांवर वाढले त्यांना ह्या अंमळ संथ वाटतील, पण दहा पानं दम धरावा.

हल्ली अशा पुस्तकांना 'कोझी मिस्ट्री' म्हणतात. रक्तपात जवळजवळ नाही, गाव किंवा वस्ती लहान, आणि शोध लावणारा साधा माणूस. रिचर्ड ऑस्मन ह्यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) आधी घ्या. निवृत्तांच्या वसाहतीत राहणारे चौघे ज्येष्ठ दर गुरुवारी जमून जुन्या खुनांचा छडा लावतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक गटानं वाचावीच. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ ह्यांची 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' बोट्स्वानात घडते. तिच्यात खून शोधण्यापेक्षा माणसं समजून घेणं जास्त आहे. वसीम खान ह्यांचे इन्स्पेक्टर चोप्रा आपल्या मुंबईचे, निवृत्त झालेले, आणि त्यांना वारशात हत्तीचं पिल्लू मिळतं, ते मुलांनाही आवडेल. सुजाता मेसी ह्यांची परवीन मिस्त्री ही १९२१ च्या मुंबईतली पारशी वकील. तिच्या निमित्तानं जुनी मुंबईही फिरून होते.

पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळेल. एकच अट, शेवट आधी कुणाला सांगायचा नाही. लिफ्टमध्ये तर अजिबातच नाही!

सोसायटीच्या पंचविसाव्या वर्षाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. वाचत राहा.