हडपसरच्या विजयाची किंमत

हडपसर : सोलापूर रस्त्यावरील वाहनांची वर्दळ आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती ही हडपसरची आजची ओळख आहे. याच परिसरात २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकर यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. लढाई मराठ्यांची मराठ्यांशी झाली; लाभ मात्र इंग्रजांच्या पदरात पडला.

यशवंतरावांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ रोजी पुणे जिल्ह्यातील वाफगाव येथे झाला. सुभेदार तुकोजी होळकर यांचे ते पुत्र. त्या काळी शिंदे, होळकर, गायकवाड आणि नागपूरकर भोसले हे आपापल्या प्रदेशात जवळजवळ स्वायत्त होते. महसूल आणि सैन्य त्यांच्या हाती असे. वारसाला मान्यता मात्र पेशव्यांकडून मिळे. त्यामुळे पुण्याचा दरबार निःपक्षपाती राहण्यावरच या व्यवस्थेचा तोल अवलंबून होता.

ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजींचे निधन झाले आणि हा तोल ढळला. दौलतराव शिंदे यांनी दुर्बल काशीरावांची बाजू घेतली. १४ सप्टेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या फौजेने भांबुर्ड्यातील छावणीवर हल्ला केला. त्यात यशवंतरावांचे बंधू मल्हारराव मारले गेले. दुसरे बाजीराव पेशवे शिंद्यांच्या प्रभावाखाली होते. त्यांच्याकडून न्याय मिळाला नाही. यशवंतराव नागपूरला गेले, तर तेथे रघूजी भोसले यांनी त्यांना कैदेत टाकले. कैदेतून निसटून त्यांनी माळव्यात फौज उभारली आणि मल्हाररावांचे अल्पवयीन पुत्र खंडेराव यांच्या नावाने होळकरशाहीचा कारभार हाती घेतला. खंडेराव मात्र शिंद्यांच्या ताब्यात होते.

दुसरे बंधू विठोजी यांनी पेशव्यांच्या मुलखात बंड केले होते. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांनी त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. खंडेरावांची सुटका करावी आणि होळकरांचा मुलूख परत द्यावा, या यशवंतरावांच्या मुख्य मागण्या होत्या. त्या मान्य झाल्या नाहीत. अखेर ते दक्षिणेत उतरले आणि हडपसरच्या लढाईत स्वतः घोडदळाच्या अग्रभागी राहून त्यांनी विजय खेचून आणला.

मात्र पेशवे हाती लागले नाहीत. बाजीराव सिंहगडमार्गे कोकणात उतरले आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेले. यशवंतरावांनी जुन्नरहून अमृतरावांना आणून नवी व्यवस्था लावण्याचा प्रयत्न केला. पण ती स्थिरावली नाही. फौजेच्या खर्चासाठी पुणेकरांकडून जबरदस्तीने पैसा वसूल झाला. त्या छळाची जबाबदारी त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. पेशव्यांनी सहा हजार इंग्रजी पायदळ ठेवून घेतले, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्र व्यवहाराचे स्वातंत्र्य गमावले. एका सरदाराच्या हक्काचा घरगुती वाद अशा रीतीने साऱ्या हिंदुस्थानच्या राजकारणाचा प्रश्न बनला.

१८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा जुन्या अविश्वासापायी यशवंतराव अलिप्त राहिले. १८०४ मध्ये त्यांनी युद्ध पुकारले, तेव्हा ते दोघे आधीच नमले होते. तरीही कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडवली आणि दिल्लीला वेढा घातला. पुढे भरतपूरच्या जाटांनी त्यांना साथ दिली. शेवटी पंजाबातही मदत न मिळाल्याने २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी त्यांनी राजघाटचा तह केला. राज्य बरेचसे राखले गेले.

पुढील काळात त्यांनी भानपुरा येथे तोफांचा कारखाना उभारला. परंतु अतिश्रमाने त्यांचे मानसिक संतुलन ढासळले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी, पस्तिशी पूर्ण होण्याआधीच, तेथेच त्यांचे निधन झाले.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मधील मंदसौरच्या तहाने त्यांनीही इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्याच वर्षी पेशवाईही संपली. सरदारांना स्वायत्तता हवी होती आणि पेशव्यांना सत्ता. दोघांमधील वाद मिटवणारा विश्वासाचा मध्यस्थ मात्र घरात उरला नव्हता. ती जागा इंग्रजांनी घेतली आणि अखेर दोघांचेही स्वातंत्र्य गेले.