बास्केटबॉलचा शोध लावला, पण कोच म्हणून गडी जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमचा दबदबा मोठा आहे. १८९८ पासून आजवर या टीमला मोजकेच कोच लाभले. त्यातल्या एकाच कोचच्या खात्यावर विजयापेक्षा पराभव जास्त आहेत. ५५ मॅच जिंकल्या, ६० हरल्या.

गंमत म्हणजे बास्केटबॉल हा खेळ शोधून काढणारा माणूसही तोच. डॉ. जेम्स नेस्मिथ.

जन्म १८६१ चा, कॅनडातल्या ऑन्टारिओचा. १८७० मध्ये टायफॉइडने आई-वडील दोघंही गेले. मामानं सांभाळलं. मध्येच शाळा सोडून पोरगं जंगलात लाकूडतोडीला लागलं, मग पुन्हा शाळेत आलं आणि थेट मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठापर्यंत पोचलं.

ठरलं होतं धर्मोपदेशक व्हायचं. त्याचं शिक्षणही पूर्ण केलं. पण मैदानाची ओढ सुटत नव्हती. पोरांना सरळ मार्गावर ठेवायचं काम चर्चइतकंच मैदानावरही होतं, हे त्याला पटलं आणि १८९० मध्ये तो अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झाला.

१८९१ चा हिवाळा. बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायतीला वैतागलेली १८ दांडगी पोरं. आधीच्या दोन मास्तरांनी हात टेकलेले. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथला १४ दिवस दिले. बंद हॉलमध्ये खेळता येईल असा नवा खेळ शोधा.

फुटबॉल, लॅक्रॉस आत खेळवून पाहिले. पोरं जखमी व्हायला लागली. मग त्यानं दुखापत नेमकी होते कशी, यावर डोकं लावलं. बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवायला बाकीचे अंगावर जातात. म्हणून बॉल घेऊन पळायलाच बंदी. गोल जमिनीवर असला की बॉल जोरात मारला जातो. म्हणून गोल डोक्याच्या वर टांगला. शिपायाकडे खोके मागितले, त्यानं पीचच्या टोपल्या आणून दिल्या. १३ नियम तयार झाले आणि २१ डिसेंबरला पहिली मॅच झाली.

खेळ जगभर पसरला, पण नेस्मिथनं पेटंट घेतलं नाही. तो डेन्व्हरला गेला, तिथं वायएमसीएचं काम सांभाळत डॉक्टरकी शिकला. १८९८ मध्ये डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी कॅन्ससला आला. काम होतं प्रार्थना घेणं आणि व्यायाम शिकवणं. टीमचं कोचिंग हा त्यातलाच एक भाग. मॅच जिंकण्यापेक्षा पोरांची तब्येत आणि वागणूक त्याला महत्त्वाची वाटायची. बास्केटबॉल खेळायचा असतो, त्याचं कोचिंग कसलं करायचं, असं त्याचं मत.

हे मत खोटं ठरवलं त्याच्याच शिष्यानं. १९०७ मध्ये त्याच्या जागी आलेल्या फॉग ॲलनला पुढे बास्केटबॉल कोचिंगचा जनक म्हटलं गेलं.

नेस्मिथ मात्र शिकवत राहिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांसाठी काम केलं, परत येऊन पुन्हा वर्गात उभा राहिला.

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय पोरगा कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे त्याला टीममध्ये खेळता येत नव्हतं. म्हाताऱ्या नेस्मिथनं त्याला आपला विद्यार्थी मानलं, पाठीशी उभा राहिला. त्याच मॅक्लेंडननं पुढे टेनेसीत आपल्या कॉलेजला सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

१९३६ मध्ये बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आला. अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी पैसे गोळा करून नेस्मिथला बर्लिनला पाठवलं, कारण खेळाच्या जनकाकडे तेवढे पैसे नव्हते. पावसाच्या चिखलात फायनल झाली. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. एक त्याचा देश, दुसरी त्याची जन्मभूमी. मेडल द्यायला तोच उभा होता.

१९३७ मध्ये तो निवृत्त झाला, २८ नोव्हेंबर १९३९ ला गेला.

२०१० मध्ये त्याच्या १३ नियमांचे मूळ कागद लिलावात ४३ लाख डॉलरला विकले गेले. आज ते कॅन्सस विद्यापीठातच आहेत. जिथं या मास्तरानं ६० मॅच हरल्या आणि जवळपास चाळीस वर्षं पोरं घडवली, तिथंच.