दुसऱ्याच्या गाण्यातला श्वास

लहानपणी आमच्या गावच्या तंबूत ‘दोस्ती’ पाहिला. पायानं अधू झालेला रामू माउथ ऑर्गन वाजवतो, आंधळा मोहन गातो आणि दोघं एकमेकांच्या आधारानं शहरात दिवस काढतात. अख्खा तंबू रडला. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून माउथ ऑर्गनसाठी आईच्या मागे लागलो. तो मिळाला थेट बँकेतल्या पहिल्या पगारातून. पडद्यावरचा मुलगा खरोखरच वाजवतोय, अशी माझी तोवर समजूत होती. वाजवणारे राहुलदेव बर्मन होते, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

या वाद्याला लोक खेळणं समजतात. खिशात मावतं, जत्रेतही मिळतं. पण आत असतात आपल्या पेटीत असतात तशाच पितळी पट्ट्या. साध्या दहा भोकांच्या माउथ ऑर्गनची गंमत अशी, की फुंकर मारली की शेजारशेजारच्या भोकांतून सा, ग, प निघतात. त्यामुळे नवख्याची पहिली फुंकरही बेसूर होत नाही. मधल्या सप्तकातले रे, म, ध, नी हवे असतील, तर श्वास आत ओढावा लागतो. बासरी, सनई श्वास सोडताना बोलतात. हा श्वास घेतानाही बोलतो. म्हणूनच की काय, ऐकताना कुणीतरी अगदी जवळ येऊन बसलंय असं वाटतं.

राहुलदेव म्हणजेच पंचम. जन्म २७ जून १९३९, कलकत्ता. वडील सचिनदेव बर्मन; आई मीरादेवीही गाण्यातल्याच. शाळकरी वयातच माउथ ऑर्गन हाती आला. पुढे अली अकबर खाँसाहेबांकडे सरोद आणि समताप्रसादांकडे तबला अशी रीतसर तालीम झाली. मुंबईत वडिलांच्या हाताखाली उमेदवारी सुरू झाली. १९५८ साली ‘सोलवा साल’ आला. आगगाडीत देव आनंद आपल्या भटक्या दिलाची कैफियत मांडतो, आवाज हेमंतकुमारांचा. त्या गाण्यातला माउथ ऑर्गन तरुण पंचमचा. आजही ते गाणं लागलं, की शब्द सुरू होण्याआधीच चेहऱ्यावर हसू येतं.

१९६१ मध्ये मेहमूद यांच्या ‘छोटे नवाब’चं संगीत पंचमना मिळालं. तिथे लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल हे मित्र त्यांचे साहाय्यक होते. तीन वर्षांत चित्र पालटलं. ‘दोस्ती’चं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे आलं आणि पंचमच्या नावावर तेव्हा एकुलता एक चित्रपट. अशा वेळी कालच्या साहाय्यकांच्या चित्रपटात वादक म्हणून जाऊन बसायचं? पंचम गेले. रामूच्या ओठांवर ऐकू येतो तो त्यांचा श्वास. उत्कृष्ट संगीताचं फिल्मफेअर लक्ष्मीकांत-प्यारेलालना मिळालं आणि ते रास्तच होतं. पंचमना ते पहिल्यांदा मिळालं १९८२ च्या ‘सनम तेरी कसम’साठी. मध्यंतरी ‘तीसरी मंझिल’, ‘कटी पतंग’, ‘अमर प्रेम’, ‘आँधी’ होऊन गेले होते!

हे सारं मला कळलं त्या सुमारास माझं एका सहकाऱ्याशी बिनसलं होतं. तालुक्याच्या शाखेत असताना आम्ही एकाच खोलीवर राहायचो. रात्री मी माउथ ऑर्गन वाजवायचो, तो पातेल्यावर ठेका धरायचा. हातमागवाल्यांच्या कर्जाची एक योजना मी रात्री जागून लिहिली. वर गेली ती त्याच्या सहीनं आणि बढतीही त्यालाच मिळाली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, माउथ ऑर्गन खणात टाकला. पंचमची गोष्ट कळल्यावर मी लगेच शहाणा झालो, असं म्हणणार नाही. त्यांनी आपला श्वास आपणहून दिला होता. माझं लिखाण न विचारता घेतलं गेलं होतं. फरक आहेच.

पंचमना शेवटची वर्षं कठीण गेली. चित्रपट पडू लागले, निर्माते दुसरीकडे वळले. १९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. ४ जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ पडद्यावर आला. गाणी घरोघरी पोचली, फिल्मफेअरही मिळालं. पण ते घ्यायला पंचम नव्हते.

निवृत्तीनंतर एका दुपारी नातवाबरोबर १९७५ चा ‘शोले’ पुन्हा पाहत होतो. राधा एकेक दिवा मालवत जाते, समोर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो. दोघांत एक शब्द नाही. ती धून पंचमची. वाजवली मात्र त्यांच्या ताफ्यातले गिटारवादक भानू गुप्ता यांनी. स्वतः इतकं सुरेख वाजवणाऱ्या माणसानं नेमकं तेच वाद्य दुसऱ्याच्या ओठी दिलं. ‘दोस्ती’त सूर दुसऱ्यांचे, श्वास पंचमचा. ‘शोले’त सूर पंचमचे, श्वास दुसऱ्याचा. यात कुणाचं किती, हे कुठल्या खतावणीत मांडणार?

तेव्हा आठवलं, की त्या योजनेसाठी हातमागवाल्यांची घरं मला त्यानंच उन्हातान्हात हिंडून दाखवली होती. हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

त्याचा नंबर मिळवला, फोन केला. योजनेचा विषय दोघांनीही काढला नाही. अजून वाजवतोस का, एवढंच त्यानं विचारलं. खणातला माउथ ऑर्गन काढला. दोन सूर बसले होते. फोन शेजारी ठेवून ‘दोस्ती’तलंच एक गाणं वाजवलं. मध्येच दम लागला, थांबलो. पलीकडून टकटक ऐकू येत होती. पातेलं नसावं, बहुधा टेबल असेल. पण ठेका तोच होता.